या हाताचं त्या हाताला

पहिलं माप

दादा गेले तीन आठवडे ‘स’ टाळत होता, हे घरात सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आलं. चहात साखर कमी पडली तर तो ‘गोड कमी आहे’ म्हणे. सोमवारचा ‘परवा’ झाला. एकदा तर न्हाणीघरातून हाक आली, ‘अगं, अंगाला लावायची वडी कुठाय?’ वहिनी हसत हसत साबण देऊन आली. तिला वाटलं, नवरा लाडात आलाय. मला वाटलं, हा काहीतरी लपवतोय.

मला तसं वाटतंच. लहानपणापासून घरात माझं नाव फौजदार. आई म्हणायची, या मुलीला दुधात पाणी सापडतं, आणि पाण्यात दूधही सापडतं.

दादा रेडिओवर बातम्या वाचतो. सकाळी सात आणि दुपारी एक. तिथे ‘स’ टाळता येत नाही. सरकार आहे, समिती आहे, सोसाट्याचा वारा आहे. म्हणून एका दुपारी एकच्या बातम्या मी कान देऊन ऐकल्या. प्रत्येक ‘स’च्या मागे एक बारीक शीळ होती. किटलीतलं पाणी उकळायच्या जरा आधी येते तेवढीच, पण होती.

रविवारी त्याला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं आणि मान मागे करायला लावली. वरचे पुढचे दोन दात. त्यांच्यामध्ये केसाएवढी फट पडली होती, डावा दात जरासा पुढे सरकला होता. मी आदल्या दिवशीच कामावरून निर्जंतुक पाकिटातला प्रोब आणून ठेवला होता. प्रोब म्हणजे मिलिमीटरच्या काळ्या रेघा आखलेली, बोथट टोकाची बारीक सळई. हिरडी आणि दात यांच्यामध्ये ती हलकेच सरकवायची आणि कुठे अडते ते वाचायचं. तीनवर अडली तर ठीक. त्याहून खोल गेली तर आत हाड झिजलंय, खड्डा पडलाय.

आठ.

दादाने भुवया उंचावून विचारलं, किती? मी म्हटलं, ‘आहे थोडं. बघू.’

इथे पहिलं माप संपतं. आमच्याकडे प्रत्येक जागा दोनदा मोजतात: एकदा, आणि अर्ध्या तासाने पुन्हा, पहिला आकडा न बघता. या रविवारचं दुसरं माप पुढे येईल.

दार आणि बोगदा

मी दंत महाविद्यालयात हिरड्यांच्या विभागात आहे. कापणारे वेगळे. मी मोजते.

खड्डा भरायचा तर हिरडी उघडावी लागते. आत साफ करायचं, हाड पुन्हा वाढावं म्हणून औषध भरायचं, शिवून टाकायचं. यावर सगळ्यांचं एकमत आहे. भांडण आहे ते उघडायचं कसं यावरून. दोन दातांच्या फटीत हिरडीचं एक त्रिकोणी टोक असतं. ते एकदा सुकून गेलं की सहसा परत येत नाही. मग तिथे काळं भोक दिसतं, घास अडकतो आणि हवा निसटते. बोलून पोट भरणाऱ्या माणसाची हवा निसटणं म्हणजे शिंप्याच्या सुईचं नाक तुटणं.

मोठे सर त्या त्रिकोणाला बुडाशी आडवा छेद देतात, तो आख्खा उचलून टाळूच्या बाजूला उघड्या दारासारखा ठेवतात, आतलं काम लख्ख डोळ्यांसमोर करतात आणि दार परत लावून शिवतात.

बोगदेबाई त्या त्रिकोणाला हातच लावत नाहीत. त्या शेजारच्या दाताच्या अंगाला एक उभा छेद देतात आणि तिथून हिरडीच्या खालून बोगदा काढत खड्ड्यापर्यंत पोचतात. त्रिकोण जागच्या जागी, गावीच नाही त्याच्या. त्यांचं खरं आडनाव विभागात कुणी वापरत नाही. फोनवर त्या स्वतःच ‘बोगदे बोलतेय’ म्हणतात.

दोघांचंही एकमेकांवर प्रेम आहे, म्हणजे दोघंही एकमेकांना सोडत नाहीत. सर म्हणतात, ही किल्लीच्या भोकातून घर झाडते, कोपरे राहिले तर दिसणार कुणाला? बाई म्हणतात, सर कपाटाची खुंटी बदलायला भिंत पाडतात, मग वीट न वीट जागेवर लावतात. हात देवाने दिलाय म्हणून खपतं. बाई सरांच्याच विद्यार्थिनी. मीही.

शेवटी ठरलं की तोंडाने भांडायचं नाही, तोंडात मोजायचं. तीस माणसं, सगळ्यांना वरच्या पुढच्या दातांमध्ये सात ते नऊचा खड्डा. बंद पाकिटांतून चिठ्ठ्या. पंधरा सरांकडे, पंधरा बाईंकडे. शस्त्रक्रिया झाल्यावर बरोबर एक वर्षाने मोजायचं, आणि मोजणाऱ्याला कुणाचं दार आणि कुणाचा बोगदा हे कळता कामा नये. मी ते वर्ष दुसऱ्या इमारतीत शिकवत होते. मला काहीच माहीत नव्हतं. म्हणून मी.

व्रण दिसू नयेत म्हणून सिस्टरने युक्ती काढली. विभागातल्या सगळ्यांत जुन्या त्याच. निळ्या पातळ रबराचा अर्धचंद्र कापून त्या वरच्या हिरडीवर अंथरायच्या. फक्त दात आणि त्रिकोणाचं टोक बाहेर. कोणाला काय केलंय ती यादी त्यांच्या कुलुपात. रोज सकाळी मी छोट्या वजनकाट्यावर प्रोबचं टोक टेकवून बरोबर पंचवीस ग्रॅम दाब येईपर्यंत हात बसवायचा आणि सिस्टरने वहीत बरोबरची खूण करायची. मग डाव्या हाताच्या पहिल्या बोटाने माणसाचा ओठ वर धरायचा, उजव्या हाताने मोजायचं. इतकं करून माणूस चुकेल कसा?

बावीस

त्या रविवारनंतर मी दादाला बोगदेबाईंकडे नेलं. त्रिकोण कापायचाच नाही, यापेक्षा चांगलं काय, असं मी वहिनीला समजावलं. बाईंनी बघितलं, चित्र काढलं, चार आठवड्यांनंतरच्या गुरुवारची तारीख दिली. दादाने रेडिओवर रजेचा अर्ज टाकला. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती’ लिहिलं, कारण खरं कारण तिथे कळलं असतं तर माईकपुढची खुर्ची परत मिळाली असती की नाही, सांगता येत नाही. तिथे दोन तरुण गळे वाट बघत होते.

आणि मग मी बावीस माणसं मोजून झाल्यावर वही उघडी ठेवून नुसती बघत बसले. आकडे असे होते:

चार, पाच, तीन, पाच, चार, सहा, चार, पाच,

आणि पुढे

तीन, सहा, तीन, तीन, सहा, सहा, तीन, सहा, तीन, सहा, सहा, तीन, तीन, सहा.

पहिले आठ माणसांसारखे होते, खाली-वर, गोंधळलेले. पुढचे चौदा कवायतीला उभे. मधले चार आणि पाच गेले कुठे? हिरडी अशी वागत नाही. कोणाचं हाड नीट भरतं, कोणाचं अर्धवट, कोणी विडी सोडत नाही, कोणी घासत नाही. जिथे एवढी शिस्त दिसते तिथे कोणीतरी काठी घेऊन उभं असतं.

एक रस्ता तीनचा होता आणि दुसरा सहाचा. कुठला तीनचा, हे यादीशिवाय कळणार नव्हतं. आणि गुरुवार अकरा दिवसांवर होता. आकडे खोटे असतील, तर मी दादाच्या तोंडात कोणत्या भरवशावर सुरी घालायला सांगितली होती?

संशयित

बोगदेबाई. त्यांना नाव कमवायचंय, सरांचं कमवून झालंय. पाकिटं आधी उघडून सोपी माणसं आपल्याकडे घेतली असतील? मी सिस्टर जेवायला गेल्यावर रिकामी पाकिटं बघितली. तीसच्या तीस पाकिटांवर डिंकाच्या वरून चिकटपट्टी. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. सिस्टर परत आल्या, मला कपाटापाशी बघून त्यांनी डबा खाली ठेवला आणि काही न विचारता सांगितलं, की कपाटाला लागूनच वाफेचं यंत्र आहे, ओलीने डिंक सुटायला लागला म्हणून पट्ट्या लावल्या, दोघांच्या समोर, वहीत दोघांच्या सह्या आहेत. सह्या होत्या. मी शाईसुद्धा निरखली.

तरी पाकिटं उघडली असती तर पहिले आठही कवायतीत असते. मग?

मोठे सर. त्यांच्यावर संशय घ्यायला मला दोन दिवस लागले. घेतला मात्र मनापासून. निकाल काय येतोय, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. ज्याला उत्तर माहीत असतं तो विचारत नाही. त्यांच्या खोलीत मी उगाच तीन वेळा जाऊन आले. टेबलावर प्लास्टरचे जबडे, खिडकीत वाळत घातलेला रुमाल, आणि सर कुठल्यातरी मुलाचा प्रबंध लाल शाईने रंगवत. तिसऱ्या वेळी मान वर न करता म्हणाले, ‘काय हरवलंय ते सांग, म्हणजे मीही शोधतो.’

सिस्टर. यादी त्यांच्याकडे. माणसं कोणत्या क्रमाने आत पाठवायची ते त्यांच्या हातात. पण सिस्टरला कोण जिंकतं याचं काय? विचारलं तर म्हणाल्या, दोघंही चहाचे कप विसळत नाहीत.

दादा. हो, त्याच्यावरही. बाईंकडून आल्यापासून तो माझ्याशी कमी बोलत होता. वहिनी म्हणाली, अगं, तो सगळ्यांशीच कमी बोलतोय, तोंड उघडलं की तू दात बघतेस.

तो सोमवार

आठवा आकडा आणि नववा आकडा यांच्या मध्ये एक रविवार होता. म्हणजे जे काही बदललं ते त्या सोमवारी बदललं. आता शोधणं सोपं होतं. त्या सोमवारी नवीन काय झालं?

हजेरीपुस्तक बघितलं. बोगदेबाई आठ दिवसांच्या रजेवरून त्याच सोमवारी हजर. अरेच्चा.

भांडाराची वही बघितली. रबराच्या पडद्यांचं नवं खोकं सिस्टरने त्याच सोमवारी फोडलेलं.

सरांच्या दारावरचं वेळापत्रक बघितलं. सरांची सोमवारची शस्त्रक्रियेची वेळ त्याच आठवड्यापासून दुपारची सकाळी झालेली. तिघंही. तिघांनीही एकाच दिवशी काहीतरी केलेलं. कट म्हणतात तो यालाच, असं मला वाटलं, आणि खरं सांगते, बरं वाटलं. शोधणाऱ्याला सापडल्याचं सुख असतं, काय सापडलं ते नंतर.

वेळा पक्क्या करायला मी पर्समधली माझी छोटी डायरी काढली. सोमवारच्या पानावर: नववा, दहावा. पानाची दुसरी बाजू रविवार. तिथे माझ्याच अक्षरात दोनच शब्द.

दादा. आठ.

मी डायरी मिटली. पुन्हा उघडली. अर्ध्या तासाने पुन्हा उघडली.

शिवण

शुक्रवारी दात साफ करून घ्यायला दहाजण यायचे होते, सगळे माझ्या बावीसांतले. मी सिस्टरला गाठलं. म्हटलं, पडदा नेहमीसारखा लावून द्या. प्रोब नको. मी डोळे मिटून नुसतं डावं बोट ओठाखाली ठेवते आणि उभी रेघ आहे की नाही ते बोलते. तुम्ही तुमच्या यादीशी ताडून बघा आणि मला काही सांगू नका, शेवटी नुसता एक आकडा सांगा.

सिस्टरने चष्मा वर केला. ‘बोट तर तुमचं पडद्याच्या वर असतं,’ त्या म्हणाल्या.

‘म्हणूनच.’

माणसांना गंमत वाटली. सांगितलं की हाताची परीक्षा आहे, माझ्या. पहिलीच्या हिरडीवर मी बोट ठेवलं. हातमोजा, त्याखाली रबर, त्याखाली ओली मऊ हिरडी. काही कळत नव्हतं. सिस्टर वाट बघत होत्या. म्हणून काहीतरी बोलायचं म्हणून बोलले: आहे. दुसरा: नाही. तिसरी: नाही. मला एकदाही खात्री वाटली नाही. खात्री वाटत नव्हती तरी शब्द मात्र पटकन येत होता, जणू मागून कोणी सांगतंय.

सातवे एक शिंपी होते. त्यांनी तोंड मिटल्यावर विचारलं, काय शोधताय? मी म्हटलं, शिवण. ते म्हणाले, ‘मग डोळे कशाला मिटायचे? शिवण डोळ्याला कधी दिसतच नाही. काळ्यावर काळा दोरा असला तरी बोट थांबतं. आपल्याला कळायच्या आधी थांबतं.’

दहा झाले. सिस्टरने वही मिटली.

‘नऊ बरोबर,’ त्या म्हणाल्या. मग पडदे गोळा करत, ‘मी पडदा डोळ्यांसाठी कापला होता, बाई.’

त्याच रविवारचं दुसरं माप

दादाला खिडकीपाशी बसवलं. मान मागे. प्रोब आत गेला आणि गेला आणि गेला. आठ.

पहिल्या वेळी मी लिहिलं नाही ते हे: आकडा वाचल्यावर मी प्रोब लगेच बाहेर काढला नाही. डाव्या बोटाने दादाचा ओठ धरलेला होता आणि बोटाखाली त्याची हिरडी होती, अजून एकही शिवण नसलेली. मला एकदम आठवलं, लहानपणी तो मला गोष्ट वाचून दाखवायचा तेव्हा मी त्याच्या ओठांकडे बघायचे, पुस्तकाकडे नाही. आणि तिथेच उभ्या उभ्या ठरवलं, हे कापायचं नाही. बोगदाच करायचा. बोगदाच चांगला. तो चांगला असलाच पाहिजे.

निकाल रविवारी लागला होता. सोमवारपासून मी पुरावे गोळा करत होते.

कोणाच्या कानात कोणी काही सांगितलं नाही. डावं बोट ओठ वर धरायचं, त्याला उभी रेघ लागायची, आणि उजवा हात हलका व्हायचा. रेघ नसली की उजवा हात खोल शिरायचा, नीट शोधायचा, सहापर्यंत. काट्यावर पंचवीस ग्रॅम, तोंडात पंधरा नाहीतर चाळीस. दोनदा मोजलं तरी तोच आकडा, कारण दोन्ही वेळा तीच दोन बोटं. द्यावं तर असं द्यावं की या हाताचं त्या हाताला कळू नये, असं आई म्हणायची. माझे हात एकमेकांना सगळं सांगत होते, आणि सांगत नव्हते ते फक्त मला.

सर आणि बाई

शनिवारी दोघांना एकत्र बसवून सांगितलं. डायरी पुढे ठेवली, रविवारच्या पानावर. बोगदेबाई आधी हसल्या, मग थांबल्या.

‘म्हणजे माझे ते तीनचे आकडे सगळे खोटे?’

‘खोटे असतील असं नाही. खरे आहेत का ते माहीत नाही.’

‘एखादा तरी खरा असेल ना गं?’ हे त्या इतक्या हळू म्हणाल्या की मला त्यांच्यावर संशय घेतल्याची पहिल्यांदा लाज वाटली. पाकिटांचं मी तेव्हाच सांगून टाकलं. शाई निरखल्याचंही. बाई म्हणाल्या, ‘आणि सरांची सही बघूनही तुला संशय आला? ती सही तर सरांनाही परत करता येत नाही.’

सरांनी माझा डावा हात ओढून टेबलावर उताणा ठेवला आणि पहिल्या बोटाचं टोक बघितलं, जणू तिथे काही लिहिलेलं असेल. मग त्यांनी सांगितलं ते एवढंच. आठ आकडे ठेवायचे. चौदा माणसांची माफी मागून त्यांना परत बोलवायचं. मोजायला दुसऱ्या इमारतीतून कोणीतरी, ज्याचं या खोलीत कुणी नाही. ओठ बोटाने धरायचा नाही, प्लास्टिकच्या हुकाने धरायचा. आणि शोधनिबंधात हे सगळं लिहायचं, तारखेसकट.

मी विचारलं, माझं नाव काढायचं ना?

‘चूक तुझ्या नावाने सापडली,’ सर म्हणाले. ‘ती दुसऱ्याच्या नावावर कशी टाकू?’

रांग

उरला दादा. गुरुवार पाच दिवसांवर.

वहिनी भाजी चिरत होती, दादा वाटाणे सोलत होता. मी खुर्ची ओढून सगळं सांगितलं: बोट, रेघ, शिंपी, नऊ. वहिनीची सुरी थांबली. ती म्हणाली, आम्ही तुझ्या शब्दावर तारीख घेतली. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, मग आता कोणता रस्ता चांगला?

‘माहीत नाही.’

दादाने माझ्याकडे बघितलं. त्याला हसू आलं होतं, पण त्याने तोंड उघडलं नाही. हल्ली तो मिटल्या तोंडाने हसायचा.

‘फौजदार,’ तो म्हणाला, ‘हे तुझ्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकलं.’

सोमवारी तो एकटाच विभागात जाऊन आला. मला मागाहून कळलं की त्याने सरांना आणि बाईंना एकच प्रश्न विचारला, वेगवेगळं गाठून: तुमच्या हातून तो त्रिकोण कधी गेलाय का? सर म्हणाले, दोनदा, आणि दोघांची नावं अजून पाठ आहेत. बाई म्हणाल्या, एकदा, बोगदा काढताना फाटला, चार महिन्यांपूर्वी, ती बाई अजून दर महिन्याला येते आणि मला केळी आणते, मला ती गिळवत नाहीत.

घरी येऊन दादाने चहा घेतला. मी विचारलं नाही. माझा विचारायचा हक्क मी गमावला होता, असं मला वाटत होतं. तसं काही नव्हतं, पण वाटत होतं. शेवटी तोच म्हणाला:

‘दोघंही खरं बोलले. मग बाईच. रजा मिळालीये, तारीख ठरलीये. रांगेत जो पुढे तो.’ मग कप ठेवून, ‘आणि वर्षभराने मोजायला तू नको.’

‘नाहीच.’

‘गुरुवारी आतही नको.’

गुरुवारी मी बाहेरच्या बाकावर बसले. दार बंद. आत बोगदेबाई, सिस्टर आणि माझा भाऊ. सव्वा तास. मी हात मांडीखाली दाबून ठेवले होते. दार उघडून बाई बाहेर आल्या तेव्हा मला त्यांच्या चेहऱ्यावरून काही वाचायचं नव्हतं, म्हणून मी त्यांच्या चपलांकडे बघत राहिले. त्या म्हणाल्या, त्रिकोण आहे तिथे आहे, फाटला नाही, सरकलेला दात मागून बारीक तारेने बांधलाय. आणि खड्ड्याच्या टाळूकडच्या कोपऱ्यात अंधार होता, तिथे साफ झालं असं मला वाटतं, पण वाटतं एवढंच. हे त्यांनी न विचारता सांगितलं.

एक वाजता

चौदाजण परत मोजून झाले, उरलेले आठही. दुसऱ्या इमारतीतला मुलगा मोजायचा. मी त्या दिवशी मजल्यावर नसायचे. शेवटी सिस्टरने यादी उघडली. दारवाले सरासरी चार आणि वर थोडं, बोगदावाले सरासरी चार आणि वर थोडं. सरांनी तो कागद बाईंना दिला, बाईंनी सरांना परत दिला. लिहिलं: दोन पद्धतींत फरक आढळला नाही. त्याखाली पाऊण पान माझ्या डाव्या बोटावर.

त्याच महिन्यात दादा रेडिओवर परतला. दुपारी एक. वहिनीने मला फोन केला की ती ऐकतेय, मीही ऐकावं. मी विभागाच्या खिडकीत उभी राहून ऐकलं. ‘नमस्कार,’ तो म्हणाला. मग सरकार, समिती, सोसाट्याचा वारा. तीन मिनिटं मी प्रत्येक ‘स’च्या मागे कान लावला. शीळ नव्हती. की होती? पहिल्या ‘समिती’त काहीतरी वाटलं, मग वाटलं की वाटलं नाही. शेवटी कळेना, की शीळ नाहीये, की ती नसावी म्हणून माझा कान हलका झालाय.

वहिनीला विचारलं, तुला काय वाटलं?

‘मला काय विचारतेस? बायको आहे मी त्याची.’

खरं होतं. सिस्टर दादाला ओळखतात. बाईंनी शिवलंय. सरांना विचारलं असतं, पण सरांवर माझा आता कसलाच संशय नव्हता, म्हणजे तेही बाद.

मी जिना उतरून फाटकापाशी गेले. आमचा पहारेकरी त्याच्या केबिनमध्ये जेवत होता, खिडकीत रेडिओ, रेडिओवर हवामान. तो मला फक्त पाटीवरून ओळखतो, मला भाऊ आहे हेही त्याला ठाऊक नाही. मी म्हटलं, एकच्या बातम्या ऐकल्यात?

ऐकल्या म्हणाला. कुठे कुठे वाऱ्याने पत्रे उडाले ते सांगायला लागला.

‘ते नाही. वाचणाऱ्याचा आवाज कसा वाटला?’

त्याने घास हातातच ठेवून माझ्याकडे संशयाने बघितलं.

‘आवाज?’ तो म्हणाला. ‘बाई, बातम्या ऐकतो मी. आवाज कोण ऐकतं?’